जागते गाव : जावा बेटावरील ग्रामजीवन, मालमत्ता आणि सुरक्षितता

इंडोनेशिया प्रजासत्ताकातील जावा हे बेट विस्ताराने मोठे नाही. देशाच्या एकूण भूभागापैकी जेमतेम सात टक्के भूमी त्याच्या वाट्याला आली आहे. परंतु २०२० च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे २७ कोटी लोकांपैकी १५ कोटींहून अधिक लोक याच बेटावर राहतात. दर चौरस किलोमीटरला अकराशेहून अधिक माणसे, असे येथील वस्तीचे प्रमाण आहे. बेटाच्या कण्यासारखी पूर्व-पश्चिम पसरलेली ज्वालामुखींची रांग, तिच्या राखेने सुपीक झालेली भातखाचरे आणि खाचरांच्या मधोमध नारळ, केळी, फणस व बांबू यांच्या दाटीत दडलेली गावे, हे जावाचे नेहमीचे दृश्य होय. येथील पाऊसपाणी, झाडझाडोरा आणि भाताचे अन्न पाहता कोकण-गोव्याच्या माणसाला ही भूमी फारशी परकी वाटू नये.

अशा या दाट वस्तीत बहुसंख्य शेतकऱ्यांची जमीन अर्ध्या हेक्टराहूनही कमी आहे. घरांच्या भिंती कालपरवापर्यंत विणलेल्या बांबूच्या होत्या. पोलीस ठाणे प्रत्येक गावात नसते. ते आपल्याकडील तालुक्याहून लहान अशा ‘केचामातान’ या घटकासाठी असते. मग गावकऱ्याचा जीव, त्याची गाय, त्याचे धान्य आणि त्याचा जमिनीचा तुकडा यांचे रक्षण कोण करते, आणि ते रक्षण कोठवर पुरे पडते, हा प्रश्न अभ्यासण्यासारखा आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः मध्य जावा, पूर्व जावा आणि योग्यकार्ता या जावानी भाषा बोलणाऱ्या प्रदेशांतील गावांचा विचार केला आहे.

गावाची ठेवण आणि कारभार

जावातील गावाला ‘देसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘देश’ या शब्दापासून आला आहे. एका देसामध्ये अनेक वाड्या असतात व त्यांना ‘दुसुन’ म्हणतात. गावाचा आकार आपल्याकडील लहान खेड्यापेक्षा मोठा असतो. २०१४ च्या ग्राम कायद्यानुसार जावामध्ये नवे गाव निर्माण करावयाचे झाल्यास तेथे किमान ६,००० लोकसंख्या किंवा १,२०० कुटुंबे असावी लागतात. गावप्रमुखाची निवड गावकरी मतदानाने करतात. २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार त्याचा कार्यकाल सहा वर्षांवरून आठ वर्षांचा करण्यात आला आहे.

गावप्रमुखाच्या हाताखाली जे जुने कामदार असत, त्यांची नावे मराठी वाचकाने मुद्दाम ऐकावीत अशी आहेत. दप्तर सांभाळणारा तो ‘चारिक’. शेताच्या पाण्याची पाळी लावून देणारा तो ‘जागातिर्ता’. चोरी, दंगा, आग इत्यादी संकटांपासून गावाची राखण करणारा तो ‘जागाबाया’. जावानी उच्चारात हे शब्द जोगोतिर्तो, जोगोबोयो असे ऐकू येतात. यांतील ‘जागा’ म्हणजे राखणे. तो संस्कृत ‘जागर’ शब्दाचा वंशज आहे. ‘तिर्ता’ म्हणजे तीर्थ, अर्थात पाणी, आणि ‘बाया’ म्हणजे भय. महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात रात्री गावाची राखण करणाऱ्यास ‘जागल्या’ म्हणत. दोन्हीकडे राखणदाराचे नाव जागे राहण्याच्या एकाच धातूवरून पडले आहे.

या कामदारांना पूर्वी रोख वेतन नसे. त्यांच्या पदासाठी गावाच्या जमिनीतील काही खाचरे राखून ठेवलेली असत. अशा जमिनीला ‘बेंगकोक’ म्हणतात. आपल्याकडील वतनी जमिनीशी तिचे साम्य वाटले तरी एक महत्त्वाचा भेद आहे. वतन पिढीजात चाले. बेंगकोक जमीन मात्र पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते. कामदार निवृत्त झाला की ती गावाकडे परत येते. २०१४ च्या कायद्याने रोख वेतनाची तरतूद केल्यानंतरही अनेक गावांत ही प्रथा चालू राहिली आहे. याखेरीज गावाच्या खजिन्यासाठी राखलेली जमीनही असते. तिच्या खंडातून गावाचे सामायिक खर्च भागतात.

गावाच्या सर्वांत तळाशी असलेली रचना मात्र इतकी जुनी नाही. १९४२ ते १९४५ या काळात जावावर जपानचा लष्करी ताबा होता. त्या राजवटीने आपल्या देशातील शेजारगटांच्या धर्तीवर जावातील घरांचे लहान लहान गट पाडले. युद्धकाळातील देखरेख, धान्यवाटप आणि मनुष्यबळाची भरती हा त्यामागील उद्देश होता. जपानी गेले, पण गट राहिले. आज त्यांस ‘रुकुन तेतांग्गा’, म्हणजे सलोख्याने राहणारे शेजारी, असे नाव आहे. साधारणतः ३० ते ५० कुटुंबांचा असा एक गट असतो आणि काही गट मिळून ‘रुकुन वार्गा’ बनतो. गटाचा प्रमुख शेजाऱ्यांतलाच कोणी शिक्षक, शेतकरी किंवा दुकानदार असतो. जन्म, मृत्यू, स्थलांतर यांच्या कागदांची सुरुवात त्याच्या सहीने होते. गावात उतरलेला पाहुणा चोवीस तासांहून अधिक काळ राहणार असेल, तर त्याची खबर गटप्रमुखास द्यावी, असे फलक वाड्यांच्या तोंडाशी आजही लावलेले दिसतात.

जमीन : हक्क, वाटा आणि कागद

जावानी शेतकऱ्याची मालमत्ता तीन प्रकारच्या जमिनीत विभागलेली असते. पाण्याखालील भातखाचर ते ‘सावा’, कोरडवाहू शेत ते ‘तेगाल’ आणि घराभोवतीची परसबाग ती ‘पेकारांगान’. परसबागेत वर नारळ, त्याखाली फणस व केळी, त्याखाली मिरची, आले, हळद आणि कंदमुळे असे थर असतात. हंगामापूर्वीच्या टंचाईच्या दिवसांत हीच बाग घरातील चूल पेटती ठेवते. या दिवसांना जावानी भाषेत ‘पाचेक्लिक’ असे नाव आहे.

जमिनीच्या कागदांचा इतिहास हिंदुस्थानाशी जोडलेला आहे. १८११ मध्ये इंग्रजांनी जावा जिंकले आणि टॉमस स्टॅमफर्ड रॅफल्स तेथील लेफ्टनंट गव्हर्नर झाले. जमिनीवरील हक्कांची चौकशी करण्याचे काम कॉलिन मॅकेन्झी यांच्याकडे आले. हेच मॅकेन्झी त्यापूर्वी म्हैसूर राज्याच्या मोजणीमुळे प्रसिद्ध झाले होते आणि पुढे १८१५ मध्ये हिंदुस्थानचे सर्वेअर जनरल झाले. या चौकशीनंतर रॅफल्स यांनी जमीन महसुलाची पद्धत लागू केली. १८१४ मध्ये शेतकऱ्याशी परस्पर आकारणी ठरविण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचे मद्रास इलाख्यातील रयतवारीशी जवळचे साम्य होते. १८१६ मध्ये जावा पुन्हा डच लोकांकडे गेले. १८३० पासून त्यांनी सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. गावाच्या जमिनीच्या सुमारे एक पंचमांश भागात ऊस, नीळ यांसारखी निर्यातीची पिके घ्यावीत असा तिचा नियम होता. प्रत्यक्षातील बोजा अनेक ठिकाणी त्याहून बराच अधिक पडे. शेतकऱ्याची स्वतःची जमीन आणि तिच्यावरील त्याचा अधिकार यांतील अंतर या काळात फार वाढले.

स्वातंत्र्यानंतर २४ सप्टेंबर १९६० रोजी इंडोनेशियाने मूलभूत कृषिभूमी कायदा केला. त्याने मालकी हक्काला मान्यता दिली आणि जमिनीवरील प्रत्येक हक्कास सामाजिक कर्तव्याची जोड असल्याचे तत्त्व घालून दिले. तथापि गावोगावच्या बहुतेक जमिनींची नोंद त्यानंतरही दीर्घकाळ जुन्याच वहीत राहिली. गावाच्या कचेरीत ठेवलेल्या या वहीला ‘लेटर सी’ म्हणतात. ती मुळात करआकारणीची नोंदवही होय. कर कोण भरतो हे तिच्यावरून कळते. मालक कोण, याचा तो निर्णायक पुरावा ठरत नाही. वडिलांच्या नावावरील खाचर तीन भावंडांत तोंडी वाटले जाते, एक भाऊ शहरात जातो, दुसरा आपला वाटा शेजाऱ्यास विकतो आणि वहीत मात्र वडिलांचेच नाव राहते. अशा जमिनीवर पुढील पिढीत तंटा उभा राहिला तर नवल नाही. २०१७ पासून शासनाने एकेका गावातील सर्व जमिनींची एकत्र मोजणी करून मालकी दाखले देण्याची मोहीम हाती घेतली आणि तिच्याद्वारे देशभर कोट्यवधी तुकड्यांची नोंद झाली आहे.

वारसाहक्काच्या बाबतीतही जावात दोन वाटा आहेत. धर्मशास्त्रानुसार मुलास दोन आणि मुलीस एक असा हिस्सा मिळतो. जावानी लोक त्यास कावडीच्या उपमेने ओळखतात. पुरुष कावडीला दोन बाजूंनी ओझे बांधून खांद्यावर नेतो, स्त्री एकच ओझे पाठीवर कापडात बांधून नेते. दुसरी वाट गावरिवाजाची असून तीत मुलगा व मुलगी यांस सारखा वाटा देतात. कोणती वाट घ्यावयाची, हे बहुधा कुटुंबातील मंडळी एकत्र बसून ठरवितात. पतिपत्नींनी संसारात मिळून कमावलेल्या संपत्तीला ‘गोनो-गिनी’ म्हणतात आणि काडीमोड झाल्यास तिच्यावर दोघांचाही हक्क मानला जातो. बाजारहाट आणि घरातील पैसा बहुतांशी स्त्रीच्या हाती असतो. मालमत्तेवरील या हक्कामुळे जावानी स्त्रीला संसारात एक प्रकारची निश्चिती लाभली आहे.

वाडग्याचे कुंपण

जावात एक म्हण प्रचलित आहे. विटांच्या भिंतीच्या कुंपणापेक्षा वाडग्याचे कुंपण बरे, असा तिचा आशय आहे. शेजाऱ्याच्या घरी अन्नाचा वाडगा पोचविणारा माणूस उंच भिंत बांधणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असतो, असे तिचे तात्पर्य होय. जुन्या वाड्यांतून घरांभोवती बहुधा झुडपांचे ठेंगणे कुंपण असते. त्यावरून शेजाऱ्याचे अंगण दिसते आणि हाकही पोचते.

वाडग्याच्या या कुंपणाचे सर्वांत ठळक रूप म्हणजे ‘स्लामेतान’ हा विधी. जन्म, सुंता, विवाह, मृत्यू, घरबांधणी, पेरणी अशा प्रत्येक प्रसंगी यजमान आसपासच्या घरांतील पुरुषांना बोलावतो. प्रार्थना होते, थोडे खाल्ले जाते आणि उरलेले अन्न बांधून प्रत्येकजण घरी नेतो. या शिदोरीला ‘बेर्कात’ म्हणतात. स्लामेतान या नावाच्या मुळाशी जो अरबी शब्द आहे, तोच मराठीत ‘सुखसलामत’ या शब्दात वावरतो. बेर्कात म्हणजे आपली ‘बरकत’. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९५० नंतरच्या दशकात पूर्व जावातील एका गावी राहून अभ्यास केला. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द रिलिजन ऑफ जावा’ या ग्रंथात त्यांनी या विधीला जावानी धर्मजीवनाच्या केंद्रस्थानी ठेवले. विधीस बोलावताना श्रीमंत-गरीब असा भेद न करता घराच्या जवळिकीने बोलावले जाते, ही त्यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

परस्पर साहाय्याच्या प्रथेला ‘गोतोंग रोयोंग’ असे नाव आहे. घराचे छप्पर उभारावयाचे असेल तर शेजारी बिनमजुरीने कामाला येतात आणि यजमान जेवण देतो. आज ज्याच्या घरी मदत मिळाली, त्याने उद्या दुसऱ्याकडे जावयाचे असते. लग्नकार्यात स्त्रिया यजमानाच्या स्वयंपाकघरात राबतात. ‘आरिसान’ नावाची बचतीची पद्धत तर आपल्याकडील भिशीची सख्खी बहीण आहे. इंडोनेशियाचे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ कोएन्चारानिन्ग्रात यांनी गोतोंग रोयोंगचा बारकाईने अभ्यास केला होता. या प्रथेमागे निव्वळ परोपकारबुद्धी नसून परतफेडीचा काटेकोर हिशोबही असतो, हे अशा अभ्यासांतून दिसून आले. हिशोब असल्यामुळेच ती टिकली, असे म्हणावयास हरकत नाही.

रात्रीची गस्त आणि केन्तोंगान

दिवसा शेजाऱ्यांचे डोळे गावाचे रक्षण करतात. रात्रीसाठी ‘रोंदा’ असते. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असे मानतात. वाडीच्या नाक्यावर बांबूची किंवा विटांची एक छोटी चौकी असते. प्रत्येक घरातील एका पुरुषाची आठवड्यातून एका रात्री पाळी येते. पाळीकऱ्यांची नावे फळ्यावर लिहिलेली असतात. रात्री दहाच्या सुमारास मंडळी जमतात. कॉफी होते, पत्ते होतात, दिवसभरातील बातम्यांची देवाणघेवाण होते आणि मधूनमधून दोघेचौघे बॅटरी घेऊन गल्लीबोळ फिरून येतात. गैरहजर राहणाऱ्यास दंड भरावा लागतो किंवा बदली माणूस द्यावा लागतो.

फेरीच्या वेळी गस्तकरी प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर टांगलेल्या लहानशा डब्यात हात घालतात. पूर्वी त्यात घरधनीण चिमूटभर तांदूळ ठेवी. चिमटीला जावानीत ‘जिम्पित’ म्हणतात, म्हणून या प्रथेचे नाव ‘जिम्पितान’. अलीकडे तांदळाऐवजी पाचशे रुपियाचे नाणे ठेवण्याची चाल अनेक गावांत पडली आहे. चाळीस घरांच्या वाडीत रोज पाचशे रुपिया धरले, तर महिन्यास सहा लाख रुपिया जमतात. भारतीय चलनात ही रक्कम साधारण तीन हजार रुपयांच्या आसपास जाते. तीतून रस्त्यावरील दिव्यांचे बिल, आजाऱ्यास मदत, कार्यासाठी लागणाऱ्या खुर्च्या व भांडी असे खर्च होतात. या प्रथेचे मर्म रकमेहून वेगळ्या ठिकाणी आहे. गस्तकऱ्याला रोज प्रत्येक घराच्या दारापर्यंत जावे लागते. डबा रिकामा राहिला, दिवा लागलेला नाही, म्हातारी एकटी खोकते आहे, हे सारे त्याच्या नजरेस पडते.

चौकीत फणसाच्या लाकडाचा किंवा जाड बांबूचा पोकळ ठोकळा टांगलेला असतो. त्याला उभी खाच असते आणि काठीने ठोकल्यावर तो दूरवर घुमतो. यालाच ‘केन्तोंगान’ म्हणतात. त्याच्या ठोक्यांची भाषा ठरलेली असते. तिच्यात गावपरत्वे थोडा फरक पडतो. परंतु सर्वसाधारणपणे एकेक ठोका मृत्यू अथवा खून, दोन दोन ठोके चोरी, तीन तीन ठोके आग, चार चार ठोके पूर किंवा अन्य नैसर्गिक संकट आणि पाच पाच ठोके जनावरांची चोरी दर्शवितात. अखंड, घाईचा नाद म्हणजे ‘तितिर’. तो ऐकताच सर्वांनी घराबाहेर यावयाचे असते. सारे काही क्षेम असल्याची खूणही आहे. तिला ‘दोरो मुलुक’, म्हणजे आकाशात झेपावणारे कबुतर, असे सुंदर नाव आहे. जनावरांच्या चोरीसाठी स्वतंत्र इशारा असावा, यातच लहान शेतकऱ्याच्या घरातील गाईम्हशींचे मोल कळते. गाय ही त्याची बँक असते. मुलाची फी, आजारपण, लग्न या साऱ्यांची तरतूद गोठ्यात उभी असते. योग्यकार्ताच्या परिसरात काही ठिकाणी शेतकऱ्यांनी सामायिक गोठे बांधून त्यांची राखण आळीपाळीने करण्याची व्यवस्था केली आहे.

१९८० नंतरच्या दशकात इंडोनेशियाच्या पोलीस दलाने या गस्तीला ‘सिस्कामलिंग’, म्हणजे परिसर सुरक्षा व्यवस्था, असे अधिकृत रूप दिले आणि देशभर चौक्या उभ्या राहिल्या. चोरांना आळा बसावा हा त्यात हेतू होता. तद्वतच तत्कालीन सत्तेला गावातील हालचालींची खबर मिळावी, हाही होता.

भूकंप आणि ज्वालामुखी

चोराहून मोठे संकट जावाच्या भूमीतच दडलेले आहे. २७ मे २००६ रोजी पहाटे सहाच्या सुमारास योग्यकार्ताच्या दक्षिणेस भूकंप झाला. मिनिटभराच्या आत बांतुल व क्लातेन जिल्ह्यांतील गावेच्या गावे कोसळली. ५,७०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि दीड लाखावर घरे उद्ध्वस्त झाली. लोखंडी सळ्यांचा आधार नसलेल्या विटांच्या भिंतींनी सर्वाधिक बळी घेतले. लाकूड व बांबूची हलकी घरे तुलनेने तगली. भक्कम दिसणारी भिंतच जिवावर उठू शकते, हा त्या पहाटेचा धडा होता. पुढील पुनर्वसनात शासनाने शेजारी कुटुंबांचे छोटे गट करून निधी त्यांच्या हाती दिला. प्रत्येक गटाने आपसांत चर्चा करून कोणाचे घर आधी बांधावयाचे ते ठरविले आणि भूकंपात टिकतील अशी घरे उभारली. दोन-अडीच वर्षांत बहुतांश कुटुंबे पक्क्या छपराखाली आली.

२०१० मध्ये मेरापी या ज्वालामुखीने वेगळीच कसोटी पाहिली. शास्त्रज्ञांनी वेळीच इशारे दिले आणि धोक्याचे क्षेत्र टप्प्याटप्प्याने वाढवून अखेर शिखरापासून २० किलोमीटरपर्यंत नेले. साडेतीन लाखांहून अधिक लोक छावण्यांत हलविले गेले. परंतु कित्येक शेतकऱ्यांचा जीव गोठ्यात अडकला होता. गाईंना चारा घालण्यासाठी ते दिवसा पुन्हा डोंगरावर जात. अखेर शासनाने जनावरे विकत घेण्याची घोषणा केली. मालमत्तेची हमी मिळाल्याखेरीज माणूस जीव वाचविण्यासही तयार होत नाही, हे सत्य त्या घोषणेमागे होते. या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. मेरापीचे परंपरागत राखणदार म्बाह मारीजान हे आपले गाव सोडण्यास तयार झाले नाहीत आणि २६ ऑक्टोबर रोजी तप्त राखेच्या लोटात मरण पावले. तथापि वेळेवर झालेल्या स्थलांतरामुळे दहा ते वीस हजार प्राण वाचले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पुढे मागेलांग जिल्ह्यात डोंगरावरील एकेक गाव खालच्या एकेका गावाशी ‘भगिनी गाव’ म्हणून जोडण्यात आले. संकटकाळी कोणी कोठे जावयाचे, जनावरे कोठे बांधावयाची, हे अशा गावांनी आधीच ठरवून ठेवले आहे.

कुंपणाबाहेरचा माणूस

वाडग्याच्या कुंपणाची ही एक बाजू झाली. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. कुंपण जितके घट्ट, तितका त्याच्या बाहेर पडलेला माणूस निराधार.

१९६० च्या कायद्यानुसार जमिनीचे फेरवाटप व्हावयाचे होते. ते रखडले तेव्हा १९६३ नंतर जावाच्या अनेक भागांत भूमिहीनांनी साम्यवादी पक्षाच्या पाठबळावर परस्पर जमिनी ताब्यात घेण्यास सुरुवात केली आणि जमीनमालकांशी त्यांचे संघर्ष झाले. १९६५ च्या सत्तापालटाच्या वेळी हे वैर उफाळून आले. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात किमान पाच लाख लोक मारले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मध्य व पूर्व जावा आणि बाली या प्रदेशांस त्याची सर्वांत भीषण झळ लागली. लष्कराच्या पुढाकाराने व पाठिंब्याने झालेल्या या हत्याकांडात अनेक ठिकाणी मारणारे आणि मरणारे एकमेकांना नावाने ओळखत होते. एका पंक्तीस बसल्याने आलेली सुरक्षितता एका रात्रीत नाहीशी झाली.

१९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची राजवट कोसळली, त्या वर्षी पूर्व जावातील बान्युवांगी आणि लगतच्या जिल्ह्यांत करणी करणारे म्हणून संशय घेतलेल्या शंभरावर माणसांना ठार मारण्यात आले. त्यापाठोपाठ काळे कपडे घातलेल्या मारेकऱ्यांची अफवा पसरली. गावोगावी रात्रीचे पहारे बसले, वाटा अडविल्या गेल्या आणि काही निरपराध वाटसरू व मनोरुग्ण जमावाच्या हाती बळी पडले. पकडलेल्या चोरास, किंवा चोर समजून पकडलेल्यास, जमावाने बेदम मारल्याच्या बातम्या जावातून अद्यापही येतात. जमावाने केलेली मारहाण हा तेथील दंडसंहितेनुसार शिक्षापात्र गुन्हा आहे. परंतु अंधारात, दोनशे हातांपैकी कोणता हात कोणाचा, हे सांगावयास साक्षीदार पुढे येत नाही. गावाला जागे करणारा तोच ठोका अशा वेळी एखाद्याच्या मृत्यूचा ठोका ठरतो. गस्तीचे काम माणसाला पकडून पोलिसांच्या हवाली करण्यापाशी संपले पाहिजे. न्याय करण्याचा अधिकार चौकीला नाही, हे जेथे स्पष्ट असते, तेथेच रोंदा गावाचे भूषण ठरते.

बदलता काळ

आज जावातील गाव झपाट्याने बदलत आहे. तरुण मुले-मुली कारखान्यांत, शहरांत आणि परदेशांत कामासाठी गेली आहेत. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून विटांची घरे आणि उंच कुंपणे उभी राहत आहेत. अनेक ठिकाणी पाळीला माणूस मिळत नाही. त्याऐवजी पैसे देऊन मोकळे होण्याकडे कल वाढला आहे. केन्तोंगानचे काम काही प्रमाणात मोबाईलवरील संदेश आणि कॅमेरे करू लागले आहेत. २०१५ पासून केंद्र शासनाकडून प्रत्येक गावास थेट निधी मिळू लागला. त्यामुळे रस्ते, गटारे, दिवे यांची सोय झाली, तसे पैशाच्या हिशोबावरून वादही निर्माण झाले.

तरीही जुनी वीण अगदी उसवलेली नाही, याचा प्रत्यय २०२० मधील करोना साथीत आला. अनेक वाड्यांनी आपल्या वेशी आपणच बंद केल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवली. मध्य जावाच्या प्रांतिक शासनाने ‘जोगो तोंग्गो’, म्हणजे शेजाऱ्याची राखण, या नावाने मोहीम काढली. घरात अडकून पडलेल्या रुग्णास अन्न पोचविणे, परतलेल्या स्थलांतरितांची नोंद घेणे ही कामे शेजारगटांवर सोपविली गेली. जागाबायामधील ‘जागा’ हा शब्द याही मोहिमेच्या नावात पहिलाच होता.

जावानी भाषेतील आणखी एक म्हण येथे आठवते. गावाला आपली रीत असते आणि राज्याला आपली व्यवस्था, असा तिचा अर्थ आहे. जावाच्या अनुभवाचे सार या म्हणीत आहे. गावाची रीत नसती तर भूकंपानंतर घरे इतक्या लवकर उभी राहिली नसती, आजाऱ्याच्या दाराशी अन्न पोचले नसते आणि लहान शेतकऱ्याची गाय गोठ्यात सुरक्षित राहिली नसती. राज्याची व्यवस्था दुबळी पडली तेव्हा मात्र हीच रीत संशयिताचा जीव घेण्यास धावली, आणि जमिनीचा कागद अपुरा राहिला तेव्हा भाऊ भावाचा वैरी झाला. राज्यसत्तेनेच गावातील वैराला हाताशी धरले, तेव्हा तर अनर्थाला सीमा राहिली नाही.

ग्रामसुरक्षेचा विचार करणाऱ्या कोणाही गावकऱ्याला, अधिकाऱ्याला वा शिक्षकाला यातून काही गोष्टी घेता येतील. शेजाऱ्याची रोजची विचारपूस हे सुरक्षेचे सर्वांत स्वस्त साधन आहे. इशाऱ्याची खूण गावातील लहान मुलालाही कळेल इतकी सोपी आणि आधीच ठरलेली असावी. संकटात माणसे हलविताना त्यांच्या जनावरांची व्यवस्था योजनेतच असली पाहिजे. जमिनीची वाटणी झाली की तिची नोंद त्याच पिढीत करून घेतली पाहिजे. आणि गावाची पंगत मांडताना कोणाचे घर वगळले जात नाही ना, हे पाहिले पाहिजे. कारण वाडगा जेथे पोचत नाही, तेथे कुंपणाला खिंडार पडलेले असते.